संडास आहे, पण जातंय कोण?
लोक संडास खरंच वापरतात का हे सर्व्हेत मोजायचं, तर कुणी म्हणतं ‘घरात संडास आहे का, वापरता का’ एवढं विचारलं की झालं, तर तसं नसतं हो. २०१४ च्या स्क्वॉट सर्व्हेत (गावाकडं संडास कोण वापरतं, कोण नाही याची घरोघरची पाहणी) बिहार, यूपी, एमपी, राजस्थान, हरियाणात घरातल्या एकेकाबद्दल वेगळं विचारलं तर चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक जण तरी उघड्यावरच जात होता. मी सर्व्हेसाठी फील्डला असताना एका आजोबांनी ठासून सांगितलं सगळे वापरतात, आणि दार उघडलं तर भांड्यावर गोवऱ्या रचलेल्या! सूनबाई नुसती हसली. म्हणून प्रश्नच असा टाकायचा, काही जण संडासात जातात, काही रानात, तुमच्यात कोण कुठं? मग लोक लाजत नाहीत.