जुळ्या बहिणींसाठी इंग्रजी वाक्प्रचार कोणता?

प्रश्न: 'स्पिटिंग इमेज' (हुबेहूब प्रतिकृती) आणि 'टू पीज इन अ पॉड' (अगदी एकसारख्या दोघी) दोन्ही चालतील?

उत्तर १: 'पीज' बिनधास्त, दिसणं, वागणं दोन्हींना लागू. 'स्पिटिंग इमेज' मुख्यतः रूपापुरतं, आणि कोणाची ते सांगावं लागतं: 'शी इज द स्पिटिंग इमेज ऑफ हर मदर'. तिथे 'द'ऐवजी 'अ' खटकतो.

उत्तर २: 'बर्ड्स ऑफ अ फेदर' (एकाच माळेचे मणी) जपून. त्यात बरेचदा टोमणा असतो.

उत्तर ३: स्वभाव उलटे असतील तर 'चॉक अँड चीज'. हे ब्रिटिश, अमेरिकन वाचकाला 'नाइट अँड डे' द्या. 'अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस' इथे नको, ते तुलनाच गैरलागू असल्याचं सांगतं.

प्रश्नकर्ता: आणि 'वन ऑफ अ काइंड'?

उत्तर १: ते अद्वितीय व्यक्तीसाठी. 'टू ऑफ अ काइंड' म्हटलंत की अर्थ फिरतो: दोघी एकाच मुशीतल्या. तुम्हाला तेच हवंय.