अंजिराच्या वाणसूचीसाठी शब्द हवेत: डोळा, बहार, उर्फ वगैरे

मूळ प्रश्न

हौसेने अंजीर लावणाऱ्यांसाठी वाणांची एक ऑनलाइन संदर्भसूची आहे. तिच्या मराठी नोंदी नीट करायचं काम आम्ही काही जणांनी घेतलंय. माहिती बरीच गोळा झाली आहे, पण शब्दांचा मेळ नाही. एकच शब्द तीन अर्थांनी येतो, आणि एकाच गोष्टीला तीन जण तीन शब्द वापरतात.

पहिली अडचण "डोळा". एका वाणापुढे लिहिलंय, "डोळा बंद, त्यामुळे पावसात चांगला". अंजिराच्या फळाला देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक भोक असतं, ते इथे अभिप्रेत आहे. इंग्रजीत त्याला "आय" म्हणतात, आणि नोंद करणाऱ्याने सरळ डोळा केला. पण कलमं करणाऱ्याच्या तोंडी डोळा म्हणजे काडीवरची कळी. आपण डोळा भरतो, चार डोळ्यांची काडी मागतो. तसा माणूस "डोळा बंद" वाचून काय समजेल?

दुसरं, वर्षात दोनदा येणाऱ्या फळांना कुठे "पहिला बहार, दुसरा बहार" म्हटलंय, कुठे नुसतं "ब्रेबा" (गेल्या वर्षीच्या काडीवर येणारं फळ). तिसरं, "जात", "प्रकार", "वाण", "प्रजाती" या चौघांची पूर्ण सरमिसळ आहे. चौथं, एका वाणाची पाचसहा नावं असतात, ती सध्या "समानार्थी शब्द" या मथळ्याखाली टाकली आहेत, ते मला खटकतं. तुम्ही मंडळी काय वापराल?

प्रतिसाद

डोळा नकोच. हा शब्द कळीसाठी इतका पक्का झालाय की त्याला दुसरं काम देऊन आपण वाचणाऱ्याचं नुकसान करू. विशेषतः ही सूची वाचणारा बहुतेक वेळा काडी मागवण्याच्या तयारीत असतो, म्हणजे कळी आणि फळ दोन्ही एकाच वेळी त्याच्या डोक्यात असतात.

"रंध्र" सुचवलं जाईल. ते पानांवरच्या पर्णरंध्रांमुळे अडकलेलं आहे. "मुख" चालेल, पण मला साधं "तोंड" जास्त पटतं. गळवाला तोंड पडतं, पिशवीचं तोंड बांधतात, तसं अंजिराचं तोंड. "तोंड मिटलेलं", "तोंड अर्धवट उघडं", "तोंड सताड उघडं" असे तीन टप्पे केले की कुणालाही झाडापाशी उभं राहून खूण करता येईल. पिकताना काही वाणांच्या तोंडाशी मधासारखा थेंब जमतो आणि भोक बुजून जातं, त्याला "तोंडाशी मध" असा वेगळा रकाना द्या. हे नुसतं वर्णन नाही. उघड्या तोंडातून पाणी, बुरशी आणि लहान भुंगे आत जातात आणि फळ आतून आंबतं. दमट हवेत लावणाऱ्याला चवीच्या आधी ही माहिती लागते.

जाता जाता: "उंबराचं फूल" हा आपला वाक्प्रचार याच रचनेतून आलाय. उंबर काय, अंजीर काय, फुलं आत असतात, बाहेरून कधीच दिसत नाहीत. आपण ज्याला गर म्हणतो तो म्हणजे आत दाटीने बसलेली फुलं आणि त्यांची इवली फळं. तरी सूचीत "गर"च ठेवा. शास्त्राच्या नावाखाली "पुष्पगर" वगैरे घडवू नका, तो कुणी बोलणार नाही.

प्रतिसाद

जात आणि वाणाबद्दल. "प्रजाती" हा शब्द जीवशास्त्रातल्या फायकस कॅरिका (अंजिराचं शास्त्रीय नाव) या पातळीसाठी राखून ठेवावा. सूचीतली जवळजवळ प्रत्येक नोंद त्याच एका प्रजातीतली आहे, त्यामुळे नोंदीत तो शब्द येण्याचं कारणच नाही. नाव धारण करणारं जे काडीने वाढवलं जातं ते "वाण". "जात" बोलण्यात येते, चूक नाही, पण सूचीत एकच शब्द असू द्या.

आणि "प्रकार" हा शब्द फक्त फळ कसं धरतं त्यासाठी. तिथे चारच आहेत. सामान्य प्रकार परागण न होता फळ पिकवतो. स्मर्ना प्रकाराचं मुख्य पीक परागण झालं नाही तर कोवळं असतानाच गळतं. सॅन पेड्रो प्रकाराची पहिली फळं परागणाशिवाय पिकतात, पण नंतरच्या फळांना परागण लागतं. चौथा कॅप्रिफिग, ज्यातून पराग मिळतात आणि ज्याच्या फळांत परागण करणारी अंजीर-गांधीलमाशी, ब्लास्टोफागा सेनेस, वाढते. माशी नसलेल्या प्रदेशात स्मर्ना प्रकाराचा वाण लावला तर वर्षानुवर्षं झाड वाढत राहतं आणि फळ हाती लागत नाही. म्हणून प्रकार हा रकाना नोंदीत सगळ्यात वर, ठळक हवा. सध्याच्या सूचीत तो तळाला "इतर माहिती"त आहे, हे मला खरोखर गंभीर वाटतं.

याचं ठळक उदाहरण इतिहासातच आहे. १८८० च्या दशकात तुर्कस्तानातून कॅलिफोर्नियात स्मर्ना अंजिराच्या काड्या आल्या, झाडं उत्तम वाढली आणि फळं गळत राहिली. १८९९ मध्ये ती माशी तिथे स्थिरावली तेव्हा कुठे फळ पिकू लागलं. तोच वाण पुढे 'कॅलिमिर्ना' नावाने प्रसिद्ध झाला.

दोन शब्द मात्र काढून टाका. एक, "बिनबियांचा". सामान्य प्रकाराच्या फळातही बियांची पोकळ टरफलं असतात, दाताखाली येतात. "परागणाशिवाय धरतो" असं लिहा. दुसरा, कॅप्रिफिगसाठी "नर झाड". त्याच्या फळात आखूड कुक्षीवृंताची (मादी भागाच्या दांडीची) मादी फुलंही असतात, माशी त्यांतच अंडी घालते. "परागदाता" म्हटलं की काम कळतं आणि चुकीचं काही सांगितलं जात नाही.

प्रतिसाद

बहाराविषयी माझं मत ठाम आहे. आपल्याकडे बहार "धरतात". पाणी तोडून, छाटणी करून, झाडाला ताण देऊन माणूस ठरवतो की आता फूल-फळ यावं. मृग बहार, हस्त बहार, आणि अंजिरात तर खट्टा बहार आणि मीठा बहार, ही सगळी नावं हंगामाची आणि माणसाच्या निर्णयाची आहेत. ब्रेबा म्हणजे काय? गेल्या वर्षीच्या काडीवर थांबून राहिलेल्या कळीतून आलेलं फळ. आणि मुख्य पीक म्हणजे चालू वर्षाच्या नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात आलेलं फळ. हा भेद लाकडाच्या वयाचा आहे. खट्टा म्हणजे ब्रेबा आणि मीठा म्हणजे मुख्य, असं कुणी जुळवलं तर दोन्हीकडचा अर्थ बिघडतो.

माझी सूचना साधी आहे: "जुन्या काडीचं फळ" आणि "नव्या फुटीचं फळ". शब्द लांब आहेत, पण त्यांतच छाटणीचा सल्ला आला. ज्या वाणाचं जुन्या काडीचं फळ चांगलं आहे त्याची काडी फळं येण्याआधी सरसकट उडवायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. कंसात एकदा "ब्रेबा" लिहिलं तरी हरकत नाही, परदेशी नोंदी शोधणाऱ्याला तो शब्द लागतोच.

मूळ प्रश्नकर्ती

"जुन्या काडीचं फळ" लगेच घेतलं. "तोंड"ही. आता नावांकडे या, माझा जीव तिथे अडकलाय.

प्रतिसाद

ताई, "समानार्थी शब्द" तर नकोच. वाणाच्या नावाला अर्थ नसतो, ओळख असते. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: "उर्फ". 'कडोटा' उर्फ 'डोटाटो'. 'कॅलिमिर्ना' उर्फ 'सारी लोप'. सात-बाऱ्यावर असो की पोलिसांच्या कागदावर, उर्फ म्हणजे माणूस एकच आणि नावं दोन, हे मराठी वाचणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

पण म्हणूनच तो जपून वापरायचा. दोन वाण एकच आहेत हे जिथे पक्कं आहे तिथेच उर्फ. 'ब्लॅक मडेरा' आणि 'फिगो प्रेतो' यांच्यावर हौशी मंडळींत वाद चालत आलाय, तिथे "याच्याशी मिळताजुळता" लिहा. 'हार्डी शिकागो'सारखे दिसणारे बरेच वाण एटना गटात धरले जातात. तिथे "गट" लिहा. गट म्हणजे एकच वाण नव्हे.

उलटी बाजूही हवी. इंग्लंडमधला 'ब्राऊन टर्की' आणि कॅलिफोर्नियातला 'ब्राऊन टर्की' हे दोन वेगळे वाण आहेत. नाव एक, झाडं दोन. याला "नामसाधर्म्य" हा शब्द सरकारी नोटिशींतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अशा नावाची एकच नोंद करून दोन्हीकडची माहिती त्यात ओतली की ती नोंद कुठल्याच झाडाची राहत नाही. दोन नोंदी करा आणि प्रत्येकीवर "नामसाधर्म्य: दुसरी नोंद पहा" अशी पाटी लावा. कॅलिफोर्नियातले अंजीरतज्ज्ञ आयरा कॉन्डिट यांनी १९५५ मध्ये अंजिराच्या सहाशेहून जास्त वाणांची वर्णनं एकत्र केली, त्यात किती पानं नुसती नावांचा गुंता सोडवण्यात गेली आहेत! तो गुंता आपण मराठीत नव्याने वाढवू नये.

प्रतिसाद

यातच एक जोडतो. वाणाच्या नावाचं भाषांतर कधीही करू नका. मी एका यादीत 'डेझर्ट किंग'चा "वाळवंटाचा राजा" झालेला पाहिलाय. लागवडीतल्या वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, पहिली १९५३ मध्ये निघाली. तिच्यानुसार नाव दुसऱ्या लिपीत लिहिता येतं, पण भाषांतरित नाव हे त्या वाणाचं नाव ठरत नाही. 'कोल दे दामा' म्हणजे बाईची मान, हे टिपेत सांगा, लोकांना आवडेल. मथळ्यात मात्र 'कोल दे दामा'च. शेजारी मूळ लिपीतलं नावही ठेवा, कारण एकाच वाणाचं नाव देवनागरीत "नेग्रोन" लिहिणारा आणि "निग्रोनी" लिहिणारा दोघेही भेटतात.

त्याच संहितेत वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहायचं असतं. मराठीत आपण जोर द्यायलाही एकेरी चिन्हं वापरतो. सूचीपुरतं ठरवून टाका: एकेरी फक्त वाणाला, बाकी सगळं दुहेरीत.

प्रतिसाद

रंगाचं कुणी बोललं नाही. सूचीत सालीच्या रंगापुढे चक्क "अंजिरी" लिहिलंय. अंजिरी म्हणजे लुगड्याचा तो जांभळट तांबूस रंग, आणि इथे हिरवी, पिवळी, तपकिरी, काळपट, पट्ट्यापट्ट्यांची, सगळ्या सालींची अंजिरं आहेत. 'पनाशे'वर तर हिरवे-पिवळे पट्टे असतात. हा शब्द या सूचीत काहीच सांगत नाही.

गराचा रंग जास्त फसवा. त्याच वाणाचं परागण झालेलं फळ साधारण मोठं होतं, बिया भरतात आणि गर गडद येतो. परागण न झालेलं फिकं. ऊन आणि पिकण्याची अवस्था यांनीही फरक पडतो. म्हणून नुसतं "गर लाल" न लिहिता "गर लाल, परागण झालेलं फळ" असं लिहा. फोटोखालीही तेच. जुनी म्हण आहे, वाण नाही पण गुण लागला. तिथे वाण म्हणजे रंग. अंजिरात वाण तोच राहून रंग बदलतो, हे नोंद करणाऱ्याने सतत ध्यानात ठेवायला हवं.

पानांचंही तसंच. एकाच झाडावर तीन खंडांचं, पाच खंडांचं आणि अजिबात खाच नसलेलं पान सापडतं. एका पानाचा फोटो ओळख म्हणून लावू नका, आणि मोझॅकचे पिवळे डाग, वेडीवाकडी झालेली पानं तर नकोतच. तो विषाणूचा रोग आहे, वाणाचं लक्षण नव्हे.

मूळ प्रश्नकर्ती

पिकण्यासाठीचे शब्द राहिले. "तयार", "पक्व", "काढणीयोग्य" असं काहीबाही लिहिलंय.

प्रतिसाद

"पाड लागला" आंब्याला शोभतं, कारण पाडाचा आंबा उतरवून आढीत पिकतो. अंजीर तोडल्यावर मऊ पडेल, पण गोडी चढत नाही, त्यामुळे पाड आणि आढी दोन्ही शब्द इथे लोकांना लवकर तोडायला लावतील. तीन अवस्था पुरेत. "हिरवं": कडक, तोडल्यावर देठातून पांढरा चीक. "फुगलेलं": रंग फिरलाय, पण देठ अजून ताठ. "मान टाकलेलं": देठापाशी वाकून खाली लोंबतंय, बोटाला मऊ लागतं, सालीवर कधी बारीक भेगा. चवीची नोंद फक्त तिसऱ्या अवस्थेच्या फळावरून घ्यायची, असा नियमच करा. नाहीतर "फिका, पाणचट" असा शेरा ज्या वाणाला बसलाय, त्याचं फळ दोन दिवस आधी तोडलेलं असतं.

मूळ प्रश्नकर्ती

ही एक नोंद नव्या शब्दांत करून पाहिली:

'डेझर्ट किंग'. प्रकार: सॅन पेड्रो. जुन्या काडीचं फळ: परागणाशिवाय पिकतं, वाण त्यासाठीच लावतात. नव्या फुटीचं फळ: परागण नसेल तर गळतं. साल: हिरवी. गर: लालसर गुलाबी. छाटणी: जुनी काडी राखून.

प्रतिसाद

चांगली झाली. "गर"पुढे "जुन्या काडीचं, परागण न झालेलं" एवढं जोडा आणि तोंडाचा रकाना भरा. शिवाय "परागण नसेल तर गळतं" हे वाक्य प्रकाराच्या शेजारीच घ्या. लावणाऱ्याने ते खड्डा खणण्याआधी वाचलं पाहिजे.