तारकर्लीला स्कूबा करायचंय, प्राणायामाचा उपयोग होईल का?

प्रश्न: दिवाळीनंतर मित्रांबरोबर तारकर्लीला निघालोय. रोज सकाळी रंकाळ्यावर प्राणायाम करतो. पाण्याखाली म्हणून कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, वाढवू का?

उत्तर: कुंभक अजिबात नको भावा! स्कूबात श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पाण्याच्या पृष्ठभागावरच्या दुप्पट असतो. श्वास धरून वर आलास तर आतली हवा फुगून फुफ्फुसाला इजा होते. उच्छ्वास लांबव. मी रेग्युलेटरमधून (पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) बुडबुडे सुटताना मनात आकडे मोजतो, छातीतली धडधड बसते. हवाही जास्त वेळ पुरते.

प्रश्नकर्ता: मग नुसतं अनुलोम-विलोम?

उत्तर: हो, तेच. शिवाय मार्जारासन, भुजंगासन घे, टाकी पाठीवर घेतली की कंबर धरते. आणि सर्दी असेल तर उतरू नको, कानाचा पडदा फाटू शकतो.