प्रतिसाद: फोन नाही दाखवला तर?

अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी फोन मागितला आणि आपण नाही दाखवला तर काय, या चर्चेत 'रायली निकालानंतर अमेरिकेत वॉरंटशिवाय फोन बघताच येत नाही' असं वर कुणीतरी ठामपणे लिहिलंय. तिथल्या सुप्रीम कोर्टाचा तो २०१४ चा निकाल अटक झालेल्या माणसाच्या फोनपुरता आहे हो. सीमेवर आणि विमानतळावर तिथले कस्टम्सवाले सीमा-तपासणीचा जुना अपवाद लावतात, म्हणजे तिथे झडतीला वॉरंट लागत नाही. त्यांच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे अधिकारी हातात घेऊन फोन चाळणार असेल तर संशयाचंही कारण लागत नाही. यंत्र जोडून कॉपी काढायची असेल तर मात्र वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण, आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. क्लाउडवरचं, म्हणजे फोनमध्ये नसून इंटरनेटवर साठवलेलं, बघायला मनाई आहे, म्हणून आधी नेटवर्क बंद करतात. पासवर्ड नाकारला तर तिथल्या नागरिकाचा फोन किंवा लॅपटॉप अडकून पडेल, पण त्याला देशात घ्यावंच लागतं. आपल्यासारख्या व्हिसावाल्याला परतही पाठवू शकतात. खरी गोम इथे आहे.

'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला' असं काहीजण म्हणतात, ते तर मुळीच पटत नाही. आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं काम घेऊन मी जातो तेव्हा लॅपटॉपवर गिऱ्हाइकाची ड्रॉइंग असतात. ती गुपित ठेवायचा करार आमच्या मालकांनी केलेला, मी कोण दाखवणार? (व्यापारी गुपितं सांभाळा, असं ती नियमावलीच अधिकाऱ्यांना सांगते, पण बघू नका असं म्हणत नाही.) आता कोरा लॅपटॉप नेतो, तिथे पोचल्यावर ड्रॉइंग उतरवून घेतो. आणि विमानतळावर रांगेत शिरण्याआधी फोन पूर्ण बंद करतो.