'सबमर्सिबल' आणि तिचा 'मॅनिप्युलेटर': मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवाली: मुलांच्या एका मासिकासाठी खोल समुद्रातल्या कामांवरचा लेख मराठीत आणते आहे. दोन शब्दांशी चार दिवस अडले आहे. पहिला 'सबमर्सिबल'. अमेरिकेची अल्विन, फ्रान्सची नॉटील, आपली तयार होत असलेली मत्स्य ६०००, म्हणजे दोन-तीन माणसांना आत बसवून तळाशी नेणारी छोटी याने. शब्द तसाच ठेवला तर आई म्हणाली, "बोअरमधली मोटार समुद्रात कशाला सोडतात?" आमच्या बार्शीकडे सबमर्सिबल म्हणजे पंप, दुसरा अर्थच नाही. दुसरा शब्द 'मॅनिप्युलेटर', यानाच्या पुढचा यांत्रिक हात. हातावरून मी 'हस्तक' केला. संपादक म्हणाले, 'शत्रूचा हस्तक' रोज पेपरात वाचणाऱ्याला हे हेरकथेतलं वाटेल. सुचवा काहीतरी.

शब्दवेल्हाळ: 'पाणबुडी' असताना शोध कशाला?

भाषांतरवाली: पाणबुडी म्हटलं की नौदलाची येते. ती स्वतः बंदरातून निघते आणि आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहते. हे यान मोठ्या जहाजावरून नेतात, क्रेनने सोडतात आणि त्याच दिवशी वर घेतात. मत्स्यची पाण्याखाली राहायची मुदत १२ तासांची, आणीबाणीत ९६. माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाड, कारण ६००० मीटरवर दाब वातावरणाच्या सहाशे पट. हे सगळं 'पाणबुडी'त मावत नाही.

तळ्याकाठी: मावतं की! पाणबुडी हे आधी पक्ष्याचं नाव. आमच्या गावच्या तळ्यात आहेत. डुबकन बुडी मारते, थोड्या वेळाने भलतीकडेच डोकं वर काढते. थोडा वेळ खाली, मग वर, हे तुमच्या यानाचंच वर्णन झालं. नाव यानाला द्या आणि नौदलाच्या बोटीला दुसरं शोधा.

शब्दवेल्हाळ: शंभर वर्षं रुळलेला शब्द असा काढून घेता येत नाही. 'बुडीयान' करा. 'महापौर', 'दिनांक' हेही कधीतरी नवेच होते.

निवृत्त_आरओव्ही: ताई, हाताबद्दल लिहितो, कारण त्यावर मी आयुष्य काढलं. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणी साधारण ७५ मीटर खोल, तिथे पाणबुडे उतरतात. पूर्व किनाऱ्याला कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातल्या भागात हजार मीटरच्या पुढे काम असतं. तिथे माणूस पोहत जाऊ शकत नाही, आरओव्ही, म्हणजे दुरून चालवायचं यान, जातं. आत कोणी नसतं, जहाजावरच्या थंडगार केबिनमध्ये पडद्यासमोर बसून चालवायचं. त्याला दोन हात असतात. डावा बहुतेक वेळा पाच हालचालींचा, त्याला आम्ही 'ग्रॅबर' म्हणायचो. उजवा सात हालचालींचा, तो 'मॅनिप'. सातवी हालचाल जबड्याची, म्हणजे हाताच्या टोकाच्या पकडीची. ग्रॅबरने पाइपाला नाहीतर कठड्याला धरून यान स्थिर करायचं, मग मॅनिपने व्हॉल्व्हची टी-आकाराची मूठ पकडून पाव फेरा फिरवायची.

यात अवघड काय? आमच्या मॅनिपला काही लागलं तरी आपल्या हाताला कळत नाही, आणि पडद्यावर अंतर दिसत नाही. मी सावली बघायचो. दिव्याच्या उजेडात जबड्याची सावली मुठीवर पडते. जबडा आणि सावली सरकत सरकत एकमेकांना भेटली की समजायचं, टेकला. एकदा घाईत भेट व्हायच्या आतच जबडा मिटला, मूठ वाकली आणि अख्खी पाळी ती सरळ करण्यात गेली.

आमच्या घरी मासे साफ करताना आई म्हणायची, एक धरता हात, एक करता हात. डावा धरता, उजवा करता. हेच लिहा.

भाषांतरवाली: काका, 'धरता हात, करता हात' फारच आवडलं. पण मूळ लेखात मास्टर आणि स्लेव्ह अशीही जोडी आहे. त्याला काय म्हणू?

निवृत्त_आरओव्ही: केबिनमध्ये वीतभर लांबीचा छोटा हात असतो, तो मास्टर. आपण तो जसा वाकवू तसा खालचा वाकतो, तो स्लेव्ह.

शब्दवेल्हाळ: 'गुलाम हात' मुलांच्या मासिकात नको. 'कळसूत्री हात' म्हणा. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवा. वरच्या बोटांनी हलवलं की खालचं हलतं.

तळ्याकाठी: पटत नाही. बाहुलीला दोरी हलवते, हा हात तेलाच्या दाबाने हलतो.

शब्दवेल्हाळ: 'कळ' म्हणजे यंत्राची कळही. दाबायची कळ. तेलाचं यंत्र असलं तरी कळ आहेच.

खाडीपलीकडे: दोरीवरून आठवलं. आरओव्हीला जहाजाशी जोडणारी केबल असते तिला इंग्रजीत नाळेचाच शब्द आहे, आणि आपला 'नाळ' त्याहून नेमका. वीज, आज्ञा, चित्र, सगळं त्यातूनच येतं-जातं. मग नाव सोपं होतं: नाळेचं यान आणि बिननाळेचं यान. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ समुद्रात हरवलेला हायड्रोजन बॉम्ब बिननाळेच्या अल्विनने शोधला. तो पॅराशूटसकट वर आणताना मात्र 'कर्व्ह' नावाचं नाळेचं यान त्या पॅराशूटमध्येच गुंतलं, आणि दोन्ही एकत्र वर ओढले. तेव्हा खोली साडेआठशे मीटरच्या वर होती. दोन यानं, दोन गुण. एकच शब्द दोघांना चालणार नाही.

शब्दवेल्हाळ: 'बिननाळेचं' ऐकायला अशुभ वाटतं. 'मुक्तयान'?

निवृत्त_आरओव्ही: नाळ आमच्या तोंडीही होती. "नाळ ढिली सोड" असं केबल सोडायचं-ओढायचं यंत्र चालवणाऱ्याला सांगायचो.

भाषांतरवाली: म्हणजे माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. आणि आता जबडा लिहू की नांगी?

मालवणी_कालवण: नांगी विंचवाची. कुर्लीचो असता तो डेंगो. कुर्लेकय एक डेंगो मोठो, एक बारीक असता, काकांच्या दोन हातांसारखोच. मोठ्यान धरता, बारक्यान खाता.

तळ्याकाठी: आमच्याकडे देशावर खेकड्याचीही नांगीच म्हणतात, आजीपासून.

मालवणी_कालवण: देशावर कुर्ले खंय?

तळ्याकाठी: ओढ्याला असतात, काळे. पावसाळ्यात पोरं हातानेच धरतात.