मदत हवी आहे : स्मार्ट थर्मोस्टॅटला एवढे पैसे घालावेत का? (परभणी, घरी वयस्कर सासूबाई)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण अर्धवट सांगितलं की लोक थेट खरेदीच्या लिंका पाठवायलेत आणि माझा गोंधळ आणखी वाढायलाय.

आम्ही परभणीला राहतो. मी गंगाखेडला बँकेत आहे, सकाळी साडेआठला घर सोडते ते परत यायला सात वाजतात. ह्यांची नोकरी हिंगोलीला, शनिवार-रविवारच घरी. लेक पुण्याला शिकायला. म्हणजे दिवसभर घरात आत्याबाई, माझ्या सासूबाई, एकट्या. वय ७८, बीपी आणि शुगर दोन्ही. सकाळी धुण्याभांड्याला मावशी येतात, दुपारी शेजारच्या काकू एक चक्कर मारतात, बाकी त्या आणि त्यांची पोथी.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" आपण म्हणतो खरं, पण मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की इथल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यालाच कळतं काय होतं ते. आमच्या डोक्यावर थेट स्लॅब, आत्याबाईंची खोली पश्चिमेला, दुपारी तापलेली भिंत रात्री अकराला हात लावला तरी गरम लागते. आधी कूलर होता. हवा कोरडी असते तोवर कूलरनं झकास भागायचं, पण त्यात पाणी ओतायचं कुणी, तेही उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही तेव्हा, आणि जूनला हवेत दमटपणा आला की नुसती चिकचिक. म्हणून २०२१ ला दीड टनाचा थ्री स्टार इन्व्हर्टर एसी घेतला त्यांच्या खोलीत.

आता अडचण. गेल्या महिन्यात एक दिवस मी सात वाजता घरी आले तर खोली भट्टी झालेली, आत्याबाई पलंगावर घामानं भिजून बसलेल्या, पदरानं वारा घेत होत्या. एसी बंद. दुपारी लाईट गेली होती, ती आली, पण एसी परत चालूच झाला नाही. आणि त्यांच्या हातातल्या रिमोटवर २४ दिसत होतं, म्हणून त्यांना वाटलं एसी चालू आहे, "आजच ऊन जास्त असंल" म्हणाल्या मला. त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टरांनी बजावलंय की ह्या वयात तहानही कमी लागते आणि उकाडाही उशिरा कळतो, तेव्हा त्यांच्या "मला काही होत नाही" वर जाऊ नका.

आणि रात्री बरोबर उलटं. २४ वर लावलेला असतो पण इतका गार मारतो की त्या शाल, गोधडी दोन्ही घेऊन झोपतात, सकाळी गुडघे धरलेले. मेकॅनिक येऊन गेला, गॅस ठीक आहे म्हणाला, पाचशे रुपये घेऊन गेला. बिलात मागच्या महिन्यात ४४० युनिट. १०० च्या वर दर वाढतो, ३०० च्या वर आणखी, त्यामुळे बिल बघून ह्यांनी कपाळाला हात लावला.

भाऊजी अमेरिकेत डॅलसला असतात. त्यांच्या घरी भिंतीवर ते गोल नेस्ट आहे, म्हणजे मोबाईलवरून चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट, व्हिडिओ कॉलवर दरवेळी दाखवतात, ऑफिसातून घराचं तापमान बदलतात. ते म्हणतात वहिनी मी येताना घेऊनच येतो, साधं १३० डॉलरचं आहे, आपल्या सवयी आपोआप शिकणारं हवं तर २८० चं. म्हणजे आपले ११-१२ हजार ते २४ हजार. भाऊजी पैसे घेणार नाहीत पण म्हणून कशालाही हो म्हणायचं हे मला पटत नाही. इथल्या दुकानात मला हजार-बाराशेचं एक डबीसारखं यंत्र दाखवलं, मोबाईलवरून एसी चालू-बंद होतो म्हणाले. आणि आमच्या एसीवर "वायफाय रेडी" लिहिलंय, पण त्याचं आतलं मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं म्हणे.

मला इतकंच विचारायचंय की ह्यातलं कुठलं घेतलं तर मला गंगाखेडहून आत्याबाईंची खोली खरंच थंड आहे का हे कळेल? बिल वाचलं तर वाचलं, पण मुख्य ते नाही.

लातूरकर : ताई, आधी भाऊजींना फोन करून नेस्ट आणू नका म्हणा. ते यंत्र वाईट नाही, पण ते आपल्या एसीसाठी नाहीच. तिकडे अख्ख्या घराला एकच सेंट्रल हीटिंग-कूलिंग असतं आणि भिंतीतून २४ व्होल्टच्या बारीक कंट्रोल वायरी थर्मोस्टॅटपर्यंत आलेल्या असतात, एक थंडीची, एक हीटरची, एक पंख्याची, एक कॉमन. त्या वायरी जोडायच्या म्हणजे ते चालतं. आपल्या स्प्लिट एसीला अशी वायर भिंतीतून येतच नाही, त्याचा थर्मोस्टॅट आतल्या बोर्डवरच असतो आणि तो फक्त रिमोटचं ऐकतो. तुम्ही ते आणलं तर भिंतीवर खिळा मारून घड्याळ म्हणून लावाल.

दुसरं, त्या कंपनीचा स्वतःचा दावा हीटिंगवर १० ते १२ टक्के आणि कूलिंगवर १५ टक्के बचतीचा आहे, तो अमेरिकेतल्या घरांचा. त्यातली बरीचशी बचत घर रिकामं असताना यंत्र आपोआप कमी होतं त्यातून येते. तुमचं घर रिकामं कधी असतं? आत्याबाई घरातच आहेत. म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे मोजायचे तीच तुमच्याकडे लागू नाही.

नांदेडहून एक : हजार-बाराशेची डबी म्हणजे आयआर ब्लास्टर, मोबाईलवरून चालणारा रिमोटच म्हणा, ती मी वापरतो. काम करते पण एक लक्षात घ्या, ती फक्त बोलते, ऐकत नाही. एसीचा रिमोट प्रत्येक बटणाला पूर्ण निरोप पाठवतो, मोड, तापमान, पंखा सगळं एकदम. डबी तसाच निरोप पाठवते, पण एसीनं तो घेतला का नाही हे तिला कळत नाही, एसी उलट काही सांगतच नाही. आत्याबाईंनी हातातल्या रिमोटनं बंद केला तरी तुमच्या मोबाईलवर "चालू" दिसणार. म्हणजे तुमच्या त्या २४ दिसणाऱ्या रिमोटसारखीच फसगत, फक्त आता गंगाखेडला बसून. घ्यायचीच असेल तर जिच्यात तापमानाचा सेन्सर आहे ती घ्या. मग एसी काय म्हणतो ह्याच्याशी देणंघेणं नाही, खोली किती आहे ते दिसतं. आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवालंच लागतं, ५ गिगाहर्ट्झवर जोडत बसू नका, मी त्यात एक संध्याकाळ घालवली.

आणि कुणी स्मार्ट प्लग घ्या म्हणालं तर अजिबात ऐकू नका. १० अँपियरचा तर जळू शकतो, आणि १६ चा असला तरी चालत्या एसीची लाईट मागून तोडणं कॉम्प्रेसरला बरं नाही.

सेलूचा एसी मेकॅनिक : ताई मी पंधरा वर्षं हेच काम करतोय. तुमची दोन्ही दुखणी मला यंत्र न घेता बरी होणारी वाटायलीत.

लाईट आल्यावर एसी चालू झाला नाही म्हणजे ऑटो रिस्टार्ट बंद आहे. बऱ्याच कंपन्यांत ते चालू-बंद करता येतं, कधी रिमोटवर, कधी इनडोअर युनिटचं छोटं बटण दाबून धरून. पुस्तिकेत बघा, नाहीतर कस्टमर केअरला मॉडेल नंबर सांगून विचारा.

रात्रीच्या गारठ्याचं, आधी मला सांगा आत्याबाई झोपताना रिमोट कुठं ठेवतात आणि रिमोटच्या स्क्रीनवर माणसाचं छोटं चित्र किंवा "आय फील", "फॉलो मी" असं काही दिसतं का?

धागाकर्ती : दादा, आत्ता जाऊन बघितलं. रिमोटला त्यांनी दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलंय, वर रबर, आणि चालू-बंदच्या बटणावर मी लावलेला लाल नेलपेंटचा ठिपका. ते प्लॅस्टिक काढलं तेव्हा खाली माणसाचं बारीक चित्र दिसलं, इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि झोपताना रिमोट त्यांच्या गोधडीच्या घडीत असतो, छातीपाशी, पुढचं टोक बाहेर. "रात्री लागला तर अंधारात कुठं शोधू" म्हणतात.

सेलूचा एसी मेकॅनिक : मग सापडलं. ते चित्र म्हणजे एसी स्वतःच्या जाळीपाशी तापमान न मोजता रिमोटमध्ये मोजतो. रिमोटमध्ये सेन्सर असतो आणि तो थोड्या थोड्या वेळानं आपलं तापमान एसीला कळवतो. सोय चांगली आहे, माणूस जिथं आहे तिथलं तापमान राखायचं म्हणून दिलीय. पण रिमोट गोधडीत अंगाशी असला की तो अंगाची ऊब मोजतो. पुढचं टोक बाहेर, म्हणून निरोपही एसीपर्यंत पोचतो. एसीला वाटतं खोली अजून ३०-३१ आहे, २४ कधी होईना, म्हणून रात्रभर फुल्ल चालतो. इन्व्हर्टर एसीचा सगळा फायदा तो खोली गार झाल्यावर हळू पडण्यात आहे, तो तुमचा कधी हळूच पडत नव्हता. गॅस तपासून हे सापडणार नाही. ते चित्र बंद करा, नाहीतर रिमोट पलंगाच्या उशाशी भिंतीला अडकवा.

आणि २४ कशाला? २०२० पासून नव्या एसींना कारखान्यातूनच २४ लावून देतात म्हणून लोकांना वाटतं तेच बरोबर. सरकारच्याच ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे की एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हाताऱ्या माणसाला २७ आणि वर बारीक पंखा पुष्कळ.

लातूरकर : ह्यावर एक घरगुती भर. स्लॅबवर उन्हाळ्याच्या आधी चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, आमच्याकडे दरवर्षी करतो, खोलीत फरक हाताला कळतो. आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेच्या आत आलेलं असतं, बाहेरून बांबूची चटई सोडा.

धागाकर्ती : नऊ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला, मार्चएंडचं जुनं काम निघालं बँकेत.

माणसाचं चित्र बंद केलं. रिमोटला साडीच्या काठाची नाडी शिवून पलंगाच्या उशाशी खिळ्याला टांगला, आत्याबाईंनी अंधारात दोनदा हात नेऊन सापडतो का बघितलं, मग हो म्हणाल्या. ऑटो रिस्टार्ट कस्टमर केअरच्या बाईंनी फोनवर सांगत करून दिलं. मीटर रोज वहीत लिहिलं, रात्री दहाला आणि सकाळी सहाला, फ्रीज धरून. आधी रात्रीचे ७-८ युनिट जायचे, २७ वर आणि पंखा दोनवर ठेवल्यापासून साडेचार-पाच. गोधडी पायापाशी घडी घातलेली असते आता. गुडघ्यांची तक्रार अजून आहे पण सकाळी उठल्या उठल्या नाही.

म्हणजे जे बिलाचं आणि गारठ्याचं होतं ते एकही रुपया न घालता गेलं. सेलूच्या दादांचे उपकार कसे मानू कळत नाही.

पण मूळ प्रश्न तसाच आहे बघा. परवा दुपारी परत लाईट गेली, दोन तास. माझं मन कामात नव्हतं. घरचा इन्व्हर्टर पंखा चालवतो, एसी चालवत नाही, आणि लाईट नसताना जगातलं कुठलंही यंत्र मला तो एसी चालू करून देणार नाही हे आता समजलंय. पण खोली ३४ झाली का ३७ झाली हे कळलं तर मी काकूंना फोन करून आत्याबाईंना खालच्या मजल्यावर त्यांच्याकडं न्यायला सांगू शकते. मला एवढंच हवंय. म्हणून भाऊजींना नेस्ट नको सांगितलं (ते जरा नाराज झाले, मग म्हणाले त्या पैशात आईला चांगली गादी घ्या) आणि सेन्सरवाली डबी घ्यायचं ठरवलंय, १,४०० ची.

नांदेडहून एक : बरोबर ठरवलंत ताई. पण मग डबी आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हवेत, नाहीतर लाईट गेली की नेमकं त्याच वेळी मोबाईलवर "ऑफलाइन" दिसणार. फायबर इंटरनेटची पांढरी डबी वेगळी असेल तर तीही. ॲपमध्ये ३३ च्या वर गेलं की फोनवर सूचना अशी सोय बघून घ्या. आणि ती डबी स्वतः थोडी तापते, त्यामुळे अंश-दोन अंश जास्त दाखवते, आधी शेजारी साधं थर्मामीटर ठेवून फरक बघा. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका.

धागाकर्ती : हे तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. आमचा राऊटर हॉलमध्ये टीव्हीमागं आहे आणि तो पॉइंट इन्व्हर्टरवर नाही, आत्ता मेन स्विच पाडून बघितलं. आत्याबाईंच्या खोलीत पंख्याच्या बोर्डावर एक पॉइंट इन्व्हर्टरचा आहे, तिथं डबी लागेल. राऊटरसाठी वायरमनला बोलावून हॉलचा तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घेता येईल का, का त्यापेक्षा राऊटरचं छोटं बॅटरीवालं यूपीएस मिळतं ते घेऊ? राऊटरच्या मागं १२ व्होल्ट १ अँपियर लिहिलंय, फायबरच्या डबीवर १२ व्होल्ट अर्धा अँपियर. एकाच यूपीएसवर दोन्ही तीन तास चालतील का, कुणी वापरत असेल तर सांगा. रविवारी हे घरी आहेत तेव्हा बसवून टाकायचंय.