मदत हवी आहे: ई. कोलाय या जिवाणूला जड पाण्याची सवय लावताना शेवटच्या टप्प्यावर वाढ थांबते

नमस्कार.

मी बडोद्यात जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत आहे. माझ्या प्रथिनाचे वजन सुमारे ३२ किलोडाल्टन असून एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजून) त्याची रचना समजून घेणे हा माझ्या कामाचा गाभा आहे. नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ असलेला नमुना मी गेल्या वर्षीच तयार केला, पण त्याच्या आलेखात निम्म्याहून अधिक शिखरे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेली आहेत. एवढा मोठा रेणू द्रावणात सावकाश फिरतो आणि आजूबाजूच्या हायड्रोजनांमुळे त्याचा सिग्नल फार लवकर विझतो. कार्बनला जोडलेल्या हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम (हायड्रोजनचे जड समस्थानिक) बसवले तर हा ऱ्हास मंदावतो, आणि पेर्वुशिन, व्यूथ्रिश व सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या ट्रोझी (मोठ्या रेणूंची शिखरे अरुंद ठेवणाऱ्या एनएमआर) पद्धतीचाही पुरेपूर लाभ घेता येतो. त्यासाठी जिवाणू जड पाण्यातच (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) वाढवावे लागतात, आणि माझे काम नेमके तिथे अडले आहे.

मी ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) या वाणाच्या पेशी वापरते. प्रथिनाचे जनुक वाहणारे प्लाझ्मिड (लहान वर्तुळाकार डीएनए) कॅनामायसिन या प्रतिजैविकाला प्रतिरोधक आहे. ताज्या प्लेटवरील एक वसाहत आधी पाच मिली एलबी या पोषक माध्यमात वाढवते, मग साध्या पाण्यातील एम९ माध्यमात (मोजके क्षार व साखर असलेल्या) नेते, आणि तिथून ५० टक्के, ७५ टक्के व शेवटी १०० टक्के जड पाण्यातील एम९मध्ये. दर लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज आणि १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घालते. सरावाच्या फेऱ्यांत दोन्ही साधेच वापरते, म्हणजे महागडे समस्थानिक वाया जात नाहीत. ७५ टक्क्यांपर्यंत सर्व सुरळीत चालते. ३७ अंशांवर पेशी सुमारे तीन तासांत दुप्पट होतात. पण १०० टक्क्यांच्या फ्लास्कमध्ये ०.१ ओडीपासून (ओडी म्हणजे कल्चरचा गढूळपणा, त्यावरून पेशींची वाढ कळते) सुरुवात केली की अठरा तासांनंतरही ओडी ०.१६च्या वर जात नाही. असे तीनदा झाले आहे.

दोन गोष्टी मी वेगळ्या करून तपासल्या. तेच क्षार साध्या पाण्यात घालून केलेले माध्यम उत्तम चालते, म्हणजे क्षारांत दोष नाही. जड पाण्याची नवी बाटली उघडून पाहिली, तरीही फरक पडला नाही. माध्यमाचा पीएच मी मीटरवर ७.४ दिसेपर्यंत जुळवते आणि ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते. ऑटोक्लेव्ह करत नाही, कारण वाफेतील साधे पाणी त्यात मिसळावे असे मला वाटत नाही. प्रत्येक टप्प्यातील कल्चर रात्रभर शेकरवर ठेवून सकाळी पुढच्या फ्लास्कमध्ये टाकते. सकाळी ७५ टक्क्यांच्या फ्लास्कचा ओडी साधारण २.४ असतो.

साध्या पाण्यात सुमारे सहा हजार चारशे हायड्रोजनांमागे ड्युटेरियमचा एकच अणू असतो. आमच्या बडोद्याजवळ फर्टिलायझरनगरला १९७०च्या दशकात उभारलेला जड पाण्याचा कारखाना खत कारखान्याच्या वायूतून हेच विरळ ड्युटेरियम वेचत असे. ते वेचायला किती खटाटोप लागतो हे ठाऊक असल्यामुळे एक फ्लास्क फुकट गेला तरी मन अस्वस्थ होते. माझ्याकडे आता जेमतेम आठशे मिली जड पाणी उरले आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतील राष्ट्रीय एनएमआर सुविधेत मिळालेली वेळ दीड महिन्यावर आली आहे. ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले आहे, त्यांनी माझी चूक कुठे होत आहे ते कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या वर्णनातील सकाळचा २.४ हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिटरला दोन ग्रॅम ग्लुकोजवर एवढी वाढ झाली म्हणजे साखर जवळपास संपलेली आहे आणि पेशी स्थिरावस्थेत गेलेल्या आहेत. अशा पेशींना तुम्ही एकाच वेळी दोन कामे सांगता: थांबलेली वाढ पुन्हा सुरू करा आणि पूर्ण जड पाण्याशी जुळवूनही घ्या. कार्बन-ड्युटेरियम बंध तोडायला अधिक ऊर्जा लागत असल्याने पेशीतील कित्येक विकरे मंदावतात. हा भार वाढत्या पेशी पेलतात, उपाशी पेशींना तो जड जातो.

म्हणून घड्याळ पाहून नव्हे, ओडी पाहून पेशी हलवा. प्रत्येक टप्प्यात ओडी ०.५ ते ०.६ झाला की, वाढ जोमात असतानाच, पुढच्या माध्यमात न्या. त्यासाठी रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेत यावे लागले तरी या. ७५ आणि १०० यांच्यामध्ये ९० टक्क्यांची एक पायरी घाला. जुने माध्यम सोबत नेऊ नका. कमी वेगावर सेंट्रिफ्यूज करून पेलेट हलक्या हाताने नव्या माध्यमात मिसळा आणि सुरुवात ०.२ ओडीपासून करा. त्यानंतर धीर धरा. नीट सरावलेल्या पेशीसुद्धा शेवटच्या टप्प्यावर बारा-पंधरा तास गप्प राहू शकतात. अठराव्या तासाला फ्लास्क फेकून देण्याची घाई झाली असावी, अशी मला शंका आहे. हे सगळे आधी २५ मिलीवर करा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. पीएचविषयी एक दुरुस्ती सुचवते. काचेचा इलेक्ट्रोड जड पाण्यात खऱ्या मूल्यापेक्षा सुमारे ०.४ कमी दाखवतो. म्हणजे तुमचे ७.४ प्रत्यक्षात ७.८ होते. एवढ्याने पेशी मरणार नाहीत, पण आधीच थकलेल्या पेशींवर तो आणखी एक ताण आहे; मीटरवर ६.९ ते ७.० ठेवा. ग्लुकोज, मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅनामायसिन यांची द्रावणे साध्या पाण्यात केली असतील तर तीही जड पाण्यात करा आणि क्षार निर्जल घ्या, नाहीतर लेबलवर १०० लिहिलेल्या माध्यमात प्रत्यक्षात ९६-९७ टक्केच उरते. आषाढात बडोद्याची हवा दमट असते आणि जड पाणी त्या हवेतील बाष्पाशी अदलाबदल करते, म्हणून बाटली क्षणभरही उघडी ठेवू नका. ते ३.८ अंशांना गोठते. फ्रिजमध्ये त्यात बर्फ दिसला तर ते बिघडले असे समजू नका.

पेशी एकदा पूर्ण सरावल्या की त्यांचा ग्लिसेरॉल स्टॉक (ग्लिसेरॉल घालून गोठवलेला साठा) करून उणे ८० अंशांवर ठेवा. पुढच्या वेळी एवढा लांबचा प्रवास पुन्हा करावा लागणार नाही.

धागाकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. या वेळी प्रत्येक टप्पा ०.५५ ओडीला हलवला, मध्ये ९० टक्क्यांची पायरी घातली आणि मीटरवर ७.० ठेवले. शेवटच्या फ्लास्कमध्ये चौदा तास काहीच हालचाल नव्हती. पंधराव्या तासाला ओडी ०.२६ झाला आणि त्यानंतर पेशी साधारण पाच तासांत दुप्पट होऊ लागल्या. ओडी ०.७ झाल्यावर प्रथिननिर्मिती सुरू करणारे आयपीटीजी देऊन २५ अंशांवर वीस तास ठेवले. जेलवर प्रथिनाचा पट्टा साध्या पाण्यातल्याइतकाच ठळक आहे. चार नळ्यांत स्टॉकही ठेवला आहे.

आता एक पुढची अडचण विचारते. शुद्धीकरण साध्या पाण्यातील बफरमध्येच करणार असल्यामुळे पृष्ठभागावरील अमाइडांवर (प्रथिनाच्या साखळीतील नायट्रोजन-हायड्रोजन गटांवर) हायड्रोजन परत येईल, पण प्रथिनाच्या गाभ्यातील अमाइड ड्युटेरियमच धरून बसतील आणि नेमकी तीच शिखरे मला दिसणार नाहीत. ग्वानिडिन या प्रथिनाची घडी मोडणाऱ्या रसायनात उलगडून पुन्हा घडी घालण्याचा मार्ग मला माहीत आहे. मात्र माझ्या प्रथिनात दोन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधील दुवे) आहेत. असे बंध असलेले प्रथिन उलगडून ज्यांनी पुन्हा नीट घडवले आहे, त्यांनी कोणत्या बफरमध्ये आणि किती सावकाश ते केले, हे सांगावे. लहान प्रमाणातील चाचणीसाठी माझ्याकडे साध्या पाण्यात तयार केलेले तीन मिलिग्रॅम प्रथिन आहे.